काकीशी बोलायचं नाही

परळला एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर माझा गाळा आहे. आम्ही तिथे हॉस्पिटलचे कपडे शिवतो. डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे हिरवे गाउन आणि पेशंटला घालतात ते मागून नाड्या असलेले झगे. त्या झग्यांना सगळे नाकं मुरडतात, पण परळमध्ये हॉस्पिटलं आहेत तोवर मला मरण नाही, असं मी माहेरी गिरगावात जाऊन ठणकावून सांगत असे. माहेर सगळं नोकरदार. धंदा माझ्या सासूचा. ती गेल्यावर तो माझ्या गळ्यात पडला आणि त्याच्याबरोबर काकीही.

काकी म्हणजे आमच्याकडे कापड कापणारी. सासूच्या वेळेपासूनची, कणकवलीकडची. गाळ्याच्या बरोब्बर समोरच्या चाळीत पहिल्या मजल्यावर राहते. मी आले तेव्हा मला कापडातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि काकी ते चारचौघांत बोलून दाखवायची. तिचंही सगळं बरोबर असायचं असं मुळीच नाही. एकदा तिने गाउनचा अख्खा ढीग दोन्ही डाव्या बाह्यांचा कापून ठेवला आणि वर माझ्यावरच ओरडली, की कापताना तू बडबडत होतीस. आमची भांडणं नाक्यावरच्या वडेवाल्यापर्यंत ऐकू जायची. संध्याकाळी ती कात्री फडक्यात गुंडाळायची, ‘येतंय गो’ म्हणायची आणि सकाळी माझ्याआधी शटरपाशी उभी असायची. मी तिला अगं-तुगं करायची. सख्ख्या काकीला केलं असतं तसंच.

मग आम्हाला एका मोठ्या खासगी हॉस्पिटलचं काम मिळालं. त्यांची अट होती, की माल पुरवणाऱ्याचा सगळा विमा हवा. आग, चोरी वगैरे तर होतंच, शिवाय कामावरच्या माणसाने मालकावर दावा लावला तर वकिलाचा खर्च आणि भरपाई देणारी एक पॉलिसी. कोणाला काढलं, कोणाला वय झालं म्हणून डावललं, कोणाला त्रास दिला, असले दावे. विमावाला हे समजावत होता तेव्हा काकीनेच त्याला चहा आणून दिला. ‘कसला रे विमो ह्यो?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘तू माझ्यावर केस केलीस ना, तर हे पैसे देणार.’ सगळ्या बायका खो खो हसल्या. काकी म्हणाली, ‘मगे करूकच व्हयी.’ मी सही केली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावाला काकीचे यजमान झाडावरून पडले. तिला जावं लागणार होतं आणि किती दिवस ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या घरात सवाष्ण लांब जायला निघाली, की तिला रिकामी पाठवत नाहीत. सासू असती तर तिने केलं असतं तेच मी केलं. कटिंगच्या टेबलाशेजारी पाट मांडून तिला बसवलं, हळदीकुंकू लावलं, खण, नारळ आणि एक चांगलीशी जांभळी साडी घालून ओटी भरली. काकीने ओटीतल्या तांदळाचे चार दाणे उचलून माझ्या ताटात परत टाकले. आमच्यात त्याचा अर्थ एकच, बाई परत येणार. वातावरण फार रडवं व्हायला लागलं म्हणून मी थट्टेने म्हटलं, ‘आता बस गावाला आराम करत, इथलं आम्ही बघतो.’

काकीचा मुक्काम लांबला आणि ऑर्डरी थांबेनात. मी कापड कापायला एक मास्तर ठेवला. तो वाईट नाही, पण घुम्या आहे. काकी परत आली त्या दिवशी मी नेमकी हॉस्पिटलात माल द्यायला गेले होते. मास्तर तिला ओळखत नव्हता. त्याने सांगितलं, इथे आता जागा नाही. बायकांनी मध्ये पडून सांगायला हवं होतं, पण जी ती आपल्या मशिनीत मान घालून बसली. काकीने खिळ्यावरची आपली कात्री काढून घेतली आणि ती निघून गेली.

हे मला कळलं तेव्हा मला तिचाच राग आला. एवढ्या वर्षांचं नातं आणि ही बाई माझी वाटसुद्धा बघू शकत नाही? बसू दे रुसून, म्हटलं, येईल आपली आपण. ती आली नाही. तिच्या पुतण्याने, जो कुठल्याशा युनियनमध्ये आहे, वकिलाची नोटीस पाठवली. त्यात लिहिलं होतं, की मी तिला वयामुळे कामावरून काढलं. पुरावा काय, तर साडी-नारळ देऊन सर्वांदेखत कायमचा निरोप दिला आणि ‘गावाला आराम करत बस’ असं सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. गाळा जातो की काय अशी भीतीही वाटली, आणि त्या भरात मी पहिला फोन विमावाल्याला लावला. रस्ता ओलांडून जिना चढायला मला कितीसा वेळ लागला असता? पण मी फोन केला.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीने नेमलेल्या वकीलबाईंचा फोन आला. हुशार मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची. तिने नियम सांगितले. दाव्याबद्दल काकीशी बोलायचं नाही, काही कबूल करायचं नाही, काही देऊ करायचं नाही. यातलं काहीही झालं तर कंपनी हात वर करेल. मी म्हटलं, ‘मी नुसतं सॉरी म्हणते.’ ती म्हणाली, ‘मॅडम, सॉरी म्हणजे कबुली.’ मी तिला ओटीचं सांगितलं, परत टाकलेल्या दाण्यांचं सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘हे कुणाला सांगू नका. ओटी भरली हे आपण मान्य केल्यासारखं होईल.’

‘मग तिला उद्यापासून कामावर बोलावते.’

‘आत्ता बोलावलंत तर तेव्हा काढलं होतं असा अर्थ निघेल.’

‘मास्तरला काढते.’

‘तोही दावा करेल.’

मी फोन ठेवला आणि शटर अर्धं ओढून आत बसून रडले. माझ्याच गाळ्यात मला हलायला जागा नव्हती.

पुढचे महिने कसे गेले ते मलाच माहीत. काकी समोरच्या गॅलरीत बसून कोळंबी सोलायची, आणि मी खाली शटर उघडायची. कधी नजरानजर झाली तर मी मान खाली घालून कुलूप शोधल्यासारखं करायची, कुलूप हातात असलं तरी. गणपतीत आमच्या घरचे मोदक दर वर्षी तिच्याकडे जायचे. मी वकीलबाईंना विचारलं, पाठवू का? त्यांनी या वर्षी नको म्हणून सांगितलं. ते मोदक मी फ्रिजमध्ये ठेवले आणि शेवटी आम्हीच खाल्ले. काकीच्या यजमानांची तब्येत कशी आहे हेसुद्धा मला वडेवाल्याकडून कळायचं. एकदा तर तीच जिन्यावरून उतरून रस्त्याच्या मधोमध आली, माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मी फोन कानाला लावून आत वळले. फोनवर कोणी नव्हतं.

अखेर कंपनीने ठरवलं, की तडजोड करायची. काकीला भरपाई मिळणार आणि त्या बदल्यात तिने लिहून द्यायचं, की ती पुन्हा कधी आमच्याकडे कामाला येणार नाही. मी वकीलबाईंवर चिडले. ‘अहो, पण मला ती परत हवी आहे. तिलाही तेच हवं असेल.’

‘असेल,’ ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं, हे मला दिसलं. ‘पण कंपनी फक्त पैसे देऊ शकते. तुम्ही नाही म्हणालात तर पुढचा सगळा खर्च तुमचा.’ पुढे कोर्ट किती वर्षं चालेल हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गाळ्यात जेवढ्या बायका, तेवढी घरं त्या मशिनींवर चालतात. मी हो म्हटलं.

सह्या प्रभादेवीच्या एका काचेच्या इमारतीत झाल्या. एसी इतका होता, की काकी पदर लपेटून बसली होती. तिने ती जांभळी साडी नेसली होती. मला डिवचायला की चांगली साडी तीच म्हणून, देव जाणे. पुतण्या कागद वाचत होता, वकीलबाई बोट ठेवून दाखवत होत्या इथे, इथे आणि इथे. काकीने सही केली. मी केली. सगळं संपल्यावर पुतण्या लिफ्टकडे गेला आणि काकी मात्र खुर्चीतच बसून राहिली.

‘एक इचारतंय,’ ती मला म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. ‘पैशे ऱ्हवांदेत. तू माका काढलंस काय गो? खरा सांग.’

नाही. एवढाच शब्द होता. कित्येक महिने तो तिला सांगायचा राहिला होता. आणि तोंड उघडायच्या आधी मी वकीलबाईंकडे बघितलं. बोलू का, असं विचारायला. महिनोन्‌महिन्यांची सवय, दुसरं काही नाही.

वकीलबाई मान हलवणारच होत्या, होकाराची की नकाराची ते मला कधी कळलं नाही, कारण तोवर काकी उठली होती.

‘कळला माका,’ ती म्हणाली.

मी तिच्यामागे लिफ्टपर्यंत धावले, ‘काकी, नाही गं, नाही,’ असं म्हणत. दार बंद झालं होतं.

हॉस्पिटलचं काम अजून चालू आहे, त्यामुळे पॉलिसीही दर वर्षी चालू ठेवावी लागते. सकाळी मी शटर उघडते तेव्हा समोरच्या गॅलरीत काकी बसलेली असते. आता माझ्यावर कसलंही बंधन नाही. मी हाक मारते, ‘काकी, चहा घेतलास?’ ती कोळंबी सोलत राहते.