फाटकावरचा पिनांचा डबा

कारागृहाच्या आतल्या फाटकाशी एक टेबल आहे आणि टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्या डब्यात पिना आहेत. माझ्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकांतून काढलेल्या पिना. विद्यापीठाच्या अभ्यासपुस्तिका मधोमध पिना मारून येतात. फाटकावरचा शिपाई प्रत्येक पुस्तिका उलटी धरतो, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिना उचकटतो, डब्यात टाकतो आणि पानांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवतो. धातू आत जाऊ द्यायचा नाही, असा नियम. त्याच भिंतीच्या आत, स्वयंपाकघरात, तेच विद्यार्थी, म्हणजे कैदी, रोज विळीवर कांदे चिरतात. विळी चालते. अर्थशास्त्राची पिन चालत नाही.

अशा पुस्तिकेतली पिन काढली की काय होतं, ते ज्याने हातात धरून पाहिलं त्यालाच कळेल. पहिलं पान आणि शेवटचं पान एकाच कागदावर छापलेलं असतं. पंख्याचा एक झोत आला की ग्रामपंचायतीची रचना मराठी कथेत घुसते आणि लोकसंख्येच्या प्रकरणातून जलसंधारण बाहेर पडतं. अकरा माणसं पदवीचा अभ्यास करणार, त्यातला निम्मा वेळ पानं लावण्यात जाणार. आणि वर आम्हीच भाषणात सांगणार की शिक्षणाचं दार सगळ्यांना उघडं आहे.

हे काम माझ्याकडे कसं आलं तेही सांगते. आमच्या कॉलेजात विद्यापीठाचं पत्र आलं की तुरुंगातल्या बंद्यांसाठी आधीपासून चालू असलेला पदवीचा कार्यक्रम पुढे तुम्ही चालवायचा आहे, प्रमुख नेमा. स्टाफरूममध्ये एकाला पाठदुखी निघाली, एकाच्या घरी लग्न निघालं. मी तासिकेवर शिकवणारी, वयाने सगळ्यांत लहान, आणि वसतिगृहाच्या पाण्यापासून एसटीच्या फेऱ्यांपर्यंत कशावरही पत्रकं काढून वाटणारी. प्राचार्यांनी एका दगडात दोन पक्षी मारले. मला पद मिळालं आणि आठवड्यातले दोन दिवस कॉलेजला माझ्यापासून सुटका मिळाली. मी केजहून सकाळच्या गाडीने निघायचे, मांडीवर पुस्तिकांचं बाचकं घेऊन.

वर्ग भरायचा बराकीसमोरच्या ओट्यावर. अकरा जण. त्यातला एक आष्टीकडचा, चाळिशीचा, ऊसतोडीला जाणारा माणूस. त्याच्याबद्दलच मी लिहिते आहे. टोळीतल्या भांडणात एक जण मेला आणि ज्यांची नावं लागली त्यांत ह्याचंही लागलं. खटला चालू होता, निकाल लागलेला नव्हता, म्हणजे तुरुंगाच्या भाषेत कच्चा कैदी. आत आल्यावर त्याने बारावीचा राहिलेला विषय सोडवला आणि बीएला नाव घातलं. आता शेवटचं वर्ष होतं. मी पहिल्या दिवशी विचारलं की बीए कशासाठी करताय, तर म्हणाला, "ताई, गावात मला कोयता म्हणूनच मोजत्यात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता, एकट्याला अर्धा कोयता. एकदा माणूस म्हणून मोजून घ्यायचंय." आणि मग स्वतःच हसला, कारण बाकीचे त्याला ओरडले की भाषण नको, पानं लाव.

त्याच्यापुढची अडचण साधी होती आणि भयानक होती. त्याचा खटला संपत आला होता. शिक्षा लागली तर त्याला लगेच दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या कारागृहात हलवणार. तिथे हा कार्यक्रम नाही. म्हणजे निकालाआधी स्वाध्याय जमा होऊन परीक्षा झाली तर पदवी, नाहीतर तीन वर्षं पाण्यात. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि तुरुंगाच्या अधीक्षकांनाही माहीत होतं.

स्वाध्याय म्हणजे घरी लिहून आणायची उत्तरं. ह्यांचं घर म्हणजे बराक. अकरा जणांनी लिहिली, मी गोळा केली. बाहेर निघताना फाटकावर प्रत्येक पान तपासलं गेलं, कुणी आडून चिठ्ठी तर पाठवत नाही ना म्हणून. तपासून झाल्यावर सगळ्यांचा मिळून एक ढीग माझ्या हातात आला. बसस्टँडच्या बाकावर बसून मी अक्षरावरून पानं वेगळी करायला घेतली आणि थांबले. चार जणांचं अक्षर एकच होतं. आष्टीवाल्याचं. बराकीतली ही रीतच. ज्याचं अक्षर चांगलं त्याने सगळ्यांचे अर्ज, जामिनाच्या विनवण्या, घरची पत्रं लिहायची. तिघांनी आपली उत्तरं कच्ची लिहिली आणि सवयीने त्याच्याकडून पक्की करून घेतली होती. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. मी वर्षभर त्या ओट्यावर बसत होते. ह्या रीतीचा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता. आला नाही.

विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रातल्या बाबूने गठ्ठा चाळला आणि परत ढकलला. त्याचं म्हणणं असं की एक तर पानं सुटी, त्यात एकाच हाताचं अक्षर. ज्याने त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून, नीट बांधून महिनाअखेरपर्यंत द्यावं. मी त्याला पिनांचं सांगितलं. तो म्हणाला की मॅडम, तो तुमच्या आणि तुरुंगाच्या मधला प्रश्न आहे, माझ्यासमोर बांधलेली वही आली पाहिजे. त्याच्या हाताशी स्टेपलर होता. पेपरवेट म्हणून वापरत होता.

मी घरी गेले आणि मला जे येतं ते केलं. पत्रक काढलं. मथळा होता 'पिनेला घाबरणारं शासन'. त्यात विळी होती, कांदे होते, बिस्किटांचा डबा होता, शिपायाचा स्क्रूड्रायव्हर होता. सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीसमोर वाटलं, एसटी स्टँडवर वाटलं. लोकांनी हसून हसून वाचलं. मला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटलं, तिथेच मला शंका यायला हवी होती.

गुरुवारी फाटकावर गेले तर शिपाई माझ्याकडे न बघता म्हणाला की तुमच्या प्रवेशपत्राचं नूतनीकरण प्रलंबित आहे. किती दिवस, विचारलं. प्रलंबित, म्हणाला. मी तिथेच उभी राहून नियम विचारले, कलम विचारलं, लेखी मागितलं. लेखी देणारा साहेब बाहेर गेलेला होता. रोजच बाहेर गेलेला असायचा. आठवडा गेला, दुसरा गेला. महिनाअखेर जवळ येत होती आणि मी केज ते तुरुंग अशा रिकाम्या चकरा मारत होते.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं. चहा मागवला. अधीक्षक शांत माणूस, आवाज कधी चढत नाही. त्यांनी सांगितलं की कार्यक्रमाला आपला विरोध नाही, उलट आपल्याला त्याचं कौतुक आहे, वरच्या कचेरीला अहवालही पाठवतो. फक्त तुम्ही एक अर्ज लिहून द्या. पत्रक गैरसमजातून निघालं असं. मी तिथेच कागद घेतला आणि लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले की हे तर दुसरं पत्रक झालं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझा हात आपोआप 'जाब' ह्या शब्दावर गेला. साहेबांनी हसून बेल वाजवली आणि शिपायाला म्हणाले, "अर्जवाल्याला आण."

आष्टीवाला आला. तीन आठवड्यांनी मी त्याला पाहत होते. मला वाटलं होतं की तो खूश होईल. त्याने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. साहेबांनी त्याला सांगितलं की मॅडमना अर्ज लिहून दे, आणि ते फोनवर बोलत खिडकीपाशी गेले.

तेव्हा तो हळू आवाजात बोलला. पत्रक तुमी काढलं, झडती आमच्या बराकीत झाली, म्हणाला. कोरे कागद नेले, लिहिलेली उत्तरं नेली, दोघांच्या चपला उसवून बघितल्या. पिना सापडतात का म्हणून. सापडली एकसुद्धा न्हाई, पण कागद परत आले न्हाईत. हे सगळं त्याने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मी म्हटलं की मी जे लिहिलं त्यात खोटं काय होतं.

"खोटं काय बी नव्हतं," तो म्हणाला. "पर कावून आदी आमाला इचारलं न्हाई? तुमी संध्याकाळी गाडीत बसून घरी जाता. आमी हितंच हावोत." मग कागद स्वतःपुढे ओढत म्हणाला, "आन अर्जात खरं लिहायचं नसतंय, ताई. अर्जात मागायचं असतंय."

त्याने दहा ओळींचा अर्ज लिहिला. विषय, महोदय, वरील विषयी सविनय विनंती. माझ्या नावाने माझा गैरसमज मान्य केला, साहेबांच्या सहकार्याचा उल्लेख केला, आणि पुढच्या ओळीत अतिशय गरिबीने मागितलं की झडतीत जमा झालेले शैक्षणिक कागद परत मिळावेत आणि महिनाअखेरपर्यंत वर्ग रोज भरावा. मी आठवड्यातून दोनदा जायचे. त्याने रोज मागितला. मी दात आवळून सही केली. साहेबांनी वाचलं, मान डोलावली आणि सगळंच मंजूर केलं. पत्रकांसारखे माझे तीन अर्ज एका बाजूला आणि त्याचा एक लाचार कागद एका बाजूला. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला, कारण शिकणाऱ्या माणसाला पाय धरल्याशिवाय वही मिळत नाही ही व्यवस्था अशाच अर्जांवर चालते हे मला दिसत होतं. अजूनही राग येतो.

उरलेले आठ दिवस अकरा माणसं ओट्यावर बसून लिहीत होती. प्रत्येक जण आपल्या अक्षरात. एकाची बाराखडी कोंबडीच्या पायासारखी, तरी त्याने सगळं स्वतः लिहिलं. आष्टीवाला सगळ्यांत शेवटी उठायचा. प्रश्न राहिला बांधायचा. सुटी पानं नेली तर फाटकावर पुन्हा सगळ्यांचा एकच ढीग होणार, म्हणून वह्या आतच बांधायला हव्या होत्या. सुई नाही, दोरा नाही, पिन नाही. सातव्या दिवशी मी गेले तर त्याच्यापुढे वही तयार होती. उसाची मोळी बांधताना तोडणारे सुतळी वापरत नाहीत. उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला, ज्याला वाढं म्हणतात, त्याला पीळ देऊन त्यानेच मोळी आवळतात. ह्याने कोऱ्या कागदाच्या लांब पट्ट्या काढल्या होत्या, ओल्या बोटांनी पीळ दिला होता, दात घासायच्या कडुलिंबाच्या काडीने चारचार पानांना भोकं पाडली होती आणि पट्टी ओवून गाठ न मारता नुसती मुरडून आत खोचली होती. मी ओढून पाहिली. सुटली नाही.

"मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढावं लागतंय," तो म्हणाला. "सुटली तर मुकादमाच्या शिव्या. ही कशाला सुटंल?"

मग त्याने बाकीच्या दहा जणांना शिकवलं. ओट्यावर त्या दिवशी माझं काहीच काम नव्हतं.

फाटकावर शिपायाने प्रत्येक वही उलटी केली, सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि काय उचकटायचं ते त्याला कळेना. त्याने बोटाने पीळ चाचपला. "कुणी बांधल्या बे?" त्याने आतल्या शिपायाला विचारलं. आतून उत्तर आलं की ऊसवाल्याने. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि वह्या दिल्या. डब्यात त्या दिवशी काही पडलं नाही.

अभ्यासकेंद्रातल्या बाबूने मात्र वह्या पाहिल्या, पेपरवेटचा स्टेपलर उचलला आणि त्या कागदी बंधावरच खाटकन एकेक पिन मारली. नियमात पिन आहे, म्हणाला. तारीख चुकली नव्हती एवढंच मला हवं होतं. घरी येईपर्यंत जीभ दाताखाली धरून ठेवली.

परीक्षा त्याच ओट्याशेजारच्या खोलीत झाली. त्याने सगळे पेपर दिले. स्वाध्यायात त्याचे दोन गुण कापले गेले. शेरा होता, 'सादरीकरण अव्यवस्थित'. तरी तो पास झाला. निकालाची प्रत घेऊन मी धावत गेले, तर त्याच आठवड्यात न्यायालयाचा निकालही लागला होता. शिक्षा झाली होती. त्याला मोठ्या कारागृहात नेण्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच यायची होती. मी ती प्रत फाटकातून आत दिली. पिन मीच आधी काढून ठेवली होती.

त्याच दिवशी मी त्याला विचारलं होतं की हे सगळं लिहू का. ह्या वेळी आधी विचारलं. भेटीच्या जाळीपलीकडून त्याने सांगितलं की लिहा, पण ह्या दहा जणांच्या परीक्षा होऊन जाऊ द्या. त्यांच्या झडत्या परत नकोत. दोघांचं शेवटचं वर्ष अजून बाकी होतं.

मी थांबले. वर्ष दीड वर्ष तोंड बंद ठेवून थांबले, मला ते किती जमतं हे माझ्या कॉलेजला विचारा. आता ते दोघेही पास होऊन सुटले आहेत. मागच्या महिन्यात आष्टीवाल्याचं पत्र आलं. वर लिहिलं होतं विषय, आणि विषयापुढे 'लिहिण्यास परवानगी मिळणेबाबत', फक्त ह्या वेळी परवानगी देणारा तोच होता. खाली सहीच्या शेवटी दोन अक्षरं, बी.ए.

बिस्किटांचा डबा अजून टेबलावर आहे. काल गेले होते तेव्हा काठोकाठ भरत आला होता.