पाच अवोकाडो आणि एक उन्हाची भिंत

मास्तरांच्या हाताखालून उठणाऱ्या माणसाचा गाल कापलेला असो वा नसो, त्यावर तुरटी फिरायचीच. वस्तरा मिटला की डावा हात आपसूक ॲप्रनच्या खिशात, खिशातून खडा बाहेर, खडा पाण्यात, पाण्यातून गालावर. गिऱ्हाईक खुर्चीत ताडकन सरळ व्हायचं.

"अहो मास्तर, कुठं कापलंय?"

"कापलं नाही म्हणून मी लावतोय. कापलं असतं तर तुम्ही मला लावली असती."

त्यात त्यांचा काही हट्ट नव्हता. वडील न्हावी, आजोबा न्हावी. तीन पिढ्या गाल घासून झाल्यावर हाताला स्वतःची अक्कल फुटते. मास्तर गप्पांत रंगलेले असत आणि हात आपलं काम करून मोकळा होत असे.

मास्तरांच्या बायकोची तऱ्हा वेगळी, पण दुखणं तेच. त्या मोटार शिकवायच्या. सगळा गाव त्यांना मॅडम म्हणायचा. त्यांच्या मोटारीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक होता, आणि बाईंचा उजवा पाय जन्मभर त्या ब्रेकशीच लग्न लावून बसला होता. घरात कुणी भांडं काठावर ठेवलं की पाय खाली दाबला जायचा. दवाखान्यात सुई दिसली, पाय खाली. टीव्हीवर नायक चुकीच्या मुलीला मागणी घालायला निघाला, पाय खाली. त्यांच्या खुर्चीपुढच्या चटईला त्या जागी भोक पडलं होतं, आणि ते भोक एकदा शिवूनही झालं होतं.

तर असं हे जोडपं. पुढे सलून, मागे दोन खोल्या, त्यामागे चिंचोळं अंगण, आणि अंगणाच्या टोकाला ती भिंत. सगळं रामायण त्या भिंतीपायी.

लाल विटांची, उन्हाकडे तोंड केलेली भिंत. त्या गावचा हिवाळा म्हणजे चेष्टा नव्हे. सकाळी छपरं पांढरी, नळ मुका, आणि श्वासाची वाफ माणसाच्या आधी दारातून बाहेर. पण ती भिंत दिवसभर ऊन पीत बसायची आणि संध्याकाळी हळूहळू सोडायची. पाठ टेकली की आजीच्या कुशीत शिरल्यासारखं वाटायचं. मॅडमना तिथं मोटार लावायची होती. मोटार रस्त्यावर राहायची, सकाळी काचेवर बर्फाचा थर चढायचा, आणि पहिला शिकाऊ मफलर गुंडाळून उभा असताना मॅडम जुन्या डब्याच्या झाकणानं काच खरवडत बसायच्या.

आणि मास्तरांना तिथं अवोकाडो लावायचे होते.

हे खूळ एका गिऱ्हाइकामुळे शिरलं. रोपवाटिकेवाला दाढी करायला यायचा. त्याची दाढी म्हणजे पिकाची कापणीच, अर्धा दिवस जायचा. एकदा तो फळ खाऊन कोय खिडकीत विसरून गेला. मास्तरांनी ती सहज कुंडीत खुपसली आणि ती उगवली. सरळसोट काठी, वर चार पानं. मास्तरांना मुलगा झाल्यासारखं झालं. त्यांनी आणखी कोया लावल्या.

"नुसतं कोयीचं झाड ठेवाल तर नातवंडं फळ खातील," रोपवाटिकेवाला फेसातून बोलला. "तेही कसलं निघेल देव जाणे. कलम करा. हा तुमचा खुंट. त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या जातीच्या काडीला पाचरीसारखी धार काढून चिरेत बसवायची आणि पट्टीनं बांधायचं. थंडी सोसणाऱ्या जातींच्या काड्या मी देतो."

"कापायचं आणि बांधायचं?" मास्तर हसले. "माझा सगळा जन्म कापण्यात गेलाय."

तेव्हापासून दर वसंतात कलमं व्हायची आणि दर वसंतात ती काळी पडून मरायची. एकही धरलं नाही. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. मास्तरांनी अभ्यास वाढवला. कुठली जात कशी मेली यावरून ते तिचा स्वभाव ठरवू लागले, आणि सलूनमध्ये बसलेल्या प्रत्येकाला, त्याची मान हातात असेपर्यंत, ऐकवू लागले.

"मेक्सिकोला ही जात म्हणजे पैलवान. फळ लहान, काळं, पण साल अशी पातळ की सालीसकट खावं. पान चुरगाळलं की बडीशेपेचा वास. दंव पडलं तरी हा उघडा हिंडेल. जोई त्याच घराण्यातला, फक्त जरा अबोल. बेकन सज्जन माणूस, थंडी सोसतो, चवीला बेताचा. झुटानो दिसायला चकचकीत, काटकही, पण खायला पाणचट, आमच्या साडूसारखा."

"आणि फुएर्ते?" गल्लीतला बेकरीवाला विचारायचा. त्याला उत्तर पाठ होतं, पण मास्तरांना चढवायला त्याला आवडायचं.

"त्याचं नाव काढू नका. चवीला राजा, पण पहिल्या गारठ्याला अंथरूण धरणारा. त्याला कलमाला घेतो ते केवळ रोपवाटिकेवाल्याची भीड मोडवत नाही म्हणून."

"पण मास्तर, तुमचा पैलवानही दरवर्षी मरतोच की."

"मरण्यात फरक असतो. मेक्सिकोला उभ्या उभ्या मरतो."

शेवटी मॅडमनी गाडी आडवी घातली. "अहो, हे शेवटचं वर्ष. येत्या हिवाळ्यातून तुमचं एक जरी कलम हिरवं बाहेर पडलं, तरी भिंत तुमची. पांघरूण घालायचं नाही, घरात आणायचं नाही. नाहीतर माझी मोटार तिथं."

"एकच काय, पाचही दाखवतो."

"एक दाखवा. पाचांचं नंतर बघू."

मास्तरांनी छाती पुढे काढली खरी. आजवर आपण एकही जगवलेलं नाही, हे त्यांना एकांतात कबूल होतं. भिंत गेली तर त्या गावात अवोकाडोला दुसरी जागा नव्हती, आणि अवोकाडो गेले तर मास्तरांना सांगायला उरलं काय? हवामान?

वसंताच्या तोंडाशी त्यांनी भिंतीपाशी बैठक मांडली. वस्तरा पट्ट्यावर घासून असा लावला की त्यावर माशी बसली तर दोन माश्या उडाल्या असत्या. मेक्सिकोला, जोई, बेकन, झुटानो, एकेक कलम देखण्या हातानं झालं. फुएर्तेची पाळी शेवटी आली. तोवर जीव विटला होता, तुच्छताही होती; वस्तरा सटकला आणि अंगठ्यात गेला.

"आई गं!"

"लागलं का हो?" मॅडम दारातून ओरडल्या. पाय अर्थातच खाली.

"काही नाही, तुरटी लावतोय!" मास्तरांनी खडा अंगठ्यावर दाबला, डोळ्यांतून पाणी काढलं, फुएर्ते कसाबसा बांधला आणि आत गेले.

पुढे जे झालं त्यानं मास्तरांची अब्रूच गेली. मेक्सिकोला काळा पडला. जोई काळा पडला. सज्जन बेकन आणि चकचकीत झुटानो हातात हात घालून काळे पडले. आणि फुएर्ते, तो भित्रा, तो अंथरूणधऱ्या, त्याला तांबूस कोवळा कोंब फुटला.

बेकरीवाल्याला बातमी लागायला वेळ लागला नाही. "मास्तर, तुमच्या पैलवानाला राजानं चीत केलं म्हणे."

सलूनमध्ये इतकी शांतता झाली की कैचीचा आवाज ऐकून लोक दचकले. एका गिऱ्हाइकाची अर्धीच मिशी उतरवून मास्तरांनी कापड झटकलं, "पुढचे या" म्हणाले, आणि तो बिचारा दोन गल्ल्या चालून परत आला. झाडं मेल्याचं दुःख त्यांना सवयीचं होतं. पण ज्ञान मेल्याचं? इतकी वर्षं लोकांच्या माना धरून सांगितलेलं सगळं खोटं? आणि जगला तोही नेमका असा की पहिल्या दंवाला जाणार. भिंत गेल्यातच जमा होती.

रोपवाटिकेवाल्यानं दिलेल्या थोड्या काड्या ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये राहिल्या होत्या. रविवारी सकाळी मास्तर त्या घेऊन पुन्हा भिंतीपाशी बसले, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे. मॅडमना दया आली. त्या बादली पालथी घालून शेजारी बसल्या.

मास्तरांनी खुंट छाटला. चीर दिली. मेक्सिकोलाच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासलं. काप आरशासारखा झाला. वस्तरा मिटला. डावा हात खिशात गेला, खडा बाहेर आला, शेजारच्या तांब्यात बुडाला, आणि काडीच्या ओल्या कापावरून, मग खुंटाच्या चिरेवरून, अलगद, मायेनं फिरला. मास्तरांनी वर फुंकरही घातली.

मॅडमचा पाय एवढ्या जोरात खाली गेला की झारी उलटली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. मुंगी."

मास्तर पुन्हा कामाला लागले, आणि मॅडम भिंतीकडे बघत बसल्या. भिंतीवर ऊन आलं होतं. तिथं मोटार उभी आहे, काच कोरडी आहे, झाकण कायमचं फेकून दिलंय, हे सगळं त्यांना लख्ख दिसलं. गप्प बसायचं होतं, बस. बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. उलट न बोलायची सगळी कारणं उन्हात ओळीनं उभी होती.

मास्तरांनी दुसरा खुंट घेतला. छाटला. चीर. काडी. वस्तरा मिटला. हात खिशातून खडा घेऊन निघाला.

पाय खाली.

"अगं, त्या बादलीत मुंग्या आहेत का?"

"थांबा!" मॅडम ओरडल्या. कुणी चुकीच्या वळणाला निघालेलं बघून गप्प बसणं त्यांच्या देहाला जमण्यातलं नव्हतं. वळण स्वतःच्या फायद्याचं असलं तरी. "हातात काय आहे तुमच्या?"

मास्तरांनी हाताकडे पाहिलं. हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा होता. "तुरटी."

"झाडाला?"

"मी कुठं... मी नाही लावत. हा..." त्यांनी हाताकडे बोट दाखवलं.

"जखमेचं तोंड मिटवायला लावता ना ती? मग कलम सांधणार कशानं? दरवर्षी, प्रत्येक झाडाला! आणि फुएर्तेच्या वेळी अंगठा कापला, खडा अंगठ्याला लागला, झाड विसरलात. म्हणून तो जगला!" मॅडम मध्येच थांबल्या. त्यांचे डोळे मोठे झाले. "अहो, गेल्या उन्हाळ्यात तुम्ही कलिंगड कापलं होतं."

"हो."

"ते तुरट लागलं म्हणून मी फळवाल्याशी भांडले! अख्ख्या बाजारात!"

मास्तरांनी काडी खाली ठेवली. इतक्या वर्षांचे बेकन, झुटानो, सगळे गालाला तुरटी लावून स्वर्गात गेले होते. थंडीचा संबंधच नव्हता. मग हळूच मास्तरांच्या चेहऱ्यावर उजेड आला.

"म्हणजे मेक्सिकोला पैलवानच आहे?"

"ते हिवाळ्यात कळेल. आधी तो खडा इकडे द्या." मॅडमनी खडा मुठीत घेतला आणि आवाज बदलला. हा आवाज त्यांनी नवऱ्यासाठी कधी वापरला नव्हता. तो शिकाऊंसाठीचा होता. "घाई नाही. नजर समोर. काडी तासा. छान. वस्तरा मिटा. आता हात कुठं चाललाय? हात गुडघ्यावर. गुडघ्यावर म्हटलं ना! काडी चिरेत. साल सालीला जुळवा. आता पट्टी. घट्ट, पण गळा दाबू नका."

"हात ऐकत नाही गं."

"पहिल्या दिवशी कुणाचाच ऐकत नाही."

तुरटी लागलेला पहिला खुंट त्यांनी खाली छाटून पुन्हा कलम केला. त्या दिवशी मास्तर पाच वेळा खिशात हात घालायला गेले, पाच वेळा मॅडमनी बादलीवर ब्रेक दाबला. फुएर्तेसकट पाचही कलमं धरली. रोपवाटिकेवाला बघायला आला तेव्हा मास्तर म्हणाले, "काही नाही, तंत्र जरा बदललं." मॅडम खोकल्या.

हिवाळा आला तो दात ओठ खात. छपरं पांढरी झाली, नळ मुका झाला. भिंतीपाशी झाडं उघडी उभी होती. फुएर्तेची पानं जळक्या कागदासारखी झाली आणि खोड काळवंडलं. तेवढं तरी मास्तरांनी बरोबर सांगितलं होतं. झुटानो आणि बेकननी बरीच पानं टाकली, पण खोड नखानं खरवडलं तर आत हिरवं होतं. जोई अबोलपणे टिकला. आणि मेक्सिकोलाच्या फक्त टोकांना तांबूस कड आली. मास्तरांनी एक पान चुरगाळून नाकाशी धरलं. बडीशेप.

"भिंत तुमची," मॅडम दारातून म्हणाल्या. शब्दाच्या पक्क्या. मग गळ्यापर्यंत स्वेटर ओढून, डब्याचं झाकण घेऊन, रस्त्याकडे निघाल्या.

"थांब गं," मास्तर म्हणाले.

त्यानंतर त्या गल्लीत रोज सकाळी एक प्रकार बघायला लोक थांबू लागले. बेकरीवाला पाव भट्टीत विसरून यायचा. मास्तर मोटारीच्या बॉनेटवर गिऱ्हाइकाचं पांढरं कापड पसरायचे, कोपरे नीट खोचायचे, कोमट पाण्यात साबणाचा फेस घोटून ब्रशनं काचेवर चढवायचे आणि रुंद पट्टीनं वरून खाली, वरून खाली, बर्फासकट काच गुळगुळीत भादरायचे. मॅडम आत शिकवणाऱ्याच्या जागी बसलेल्या, शेजारी शिकाऊ. काच अशी लख्ख की आत बसलेल्याला आपण बाहेर आहोत असं वाटावं.

काम झालं की मास्तर पट्टी पुसून मिटल्यासारखी करायचे. ती मिटणारी नव्हती. मग गिऱ्हाइकाकडे बघावं तसं काचेकडे मान तिरकी करून बघायचे, आणि डावा हात हळूहळू खिशाकडे निघायचा.

आत, मॅडमचा पाय ब्रेकवर जायचा.