साहेबांना रिक्षात बसवलं ती गोष्ट

आमच्या जिल्ह्याचा पुढच्या वीस वर्षांचा वाहतूक आराखडा बनत होता, तेव्हा महिनाभर मी सर्व्हेचं काम केलं. भोपाळहून एक इंजिनिअर साहेब आले होते. तरुण, बोलायला गोड, पण कारमधून खाली उतरायचं नाव नाही. निंबोल्याच्या फाट्यावर ते काचा लावून बसायचे आणि गाड्या मोजायला, लोकांना प्रश्न विचारायला मी उन्हात. मोजणीच्या फॉर्मवर ट्रक, कार, मोटारसायकल, सगळ्यांना रकाने होते. रिक्षात कोंबून दवाखान्याला जाणाऱ्या बाया मात्र कुठेच नव्हत्या. मी दोनदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, "रिक्षा एक, तो गिनती एक."

तिसऱ्या दिवशी फोपनारला मोजणी होती, तेव्हा मी सरळ थाप मारली. फोपनारच्या रस्त्यावर केळीचा ट्रक आडवा झालाय, कार जाणार नाही, रिक्षा तेवढी कडेनं निघते.

रिक्षात आम्ही धरून बारा जण. एका मावशीनं न विचारताच वांग्यांची पिशवी साहेबांच्या मांडीवर ठेवली आणि सुरू झाली, "कहाँ जा रहे बेटा? रोज जाते? बस मिली तो बस से जाओगे? घर में कमानेवाले कितने?" आमच्याच फॉर्मवरचे प्रश्न! आदल्या दिवशी मीच तिला विचारले होते. सगळी रिक्षा हसली. साहेबही हसले आणि त्यांनी उलट तिलाच विचारलं.

मावशी म्हणाली, "आज तो खेत से घर जा रही. दवाखाने शुगर की गोली लेने जाती थी. लौटते टाइम रिक्षा भरे तक दो घंटे बैठना. इसलिए दो महिने से गईच नहीं."

साहेब लिहायला गेले, पण हात पिशवीखाली अडकलेला.

तेवढ्यात त्यांचीच कार हॉर्न वाजवत शेजारून पुढे गेली आणि थांबली. आत ड्रायव्हर एकटाच. रस्ता मोकळा होता.

"ट्रक हट गया लगता है," मी म्हटलं.

"ट्रक था भी?"

मी केळीच्या बागा बघू लागले. काम गेलंच, असं वाटलं. साहेब उतरायला हलले, तशी मावशी ओरडली, "अरे, थैली कौन पकड़ेगा?" ते पिशवी सावरून परत बसले.

फोपनारला उतरल्यावर त्यांनी पेनानं नवा रकाना आखला, रिक्षातली माणसं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक रिक्षात स्वतः डोकावून ते डोकी मोजायचे.

आराखडा आला तेव्हा त्यात बायपासचीच पानं जास्त होती. पण एका पानावर दवाखान्यापासून फोपनारपर्यंत दुपारची बस होती, आणि ती खरंच सुरू झाली. मावशीची तक्रार एवढीच, की बसमध्ये कोणी बोलत नाही. गोळ्या मात्र ती चुकवत नाही.