पौषबड्याचा प्रसाद

गणपतीला तिखट सोडलंय, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं कारण गालाच्या आत होतं. यांची रेल्वेतली बदली झाली आणि सोलापूरहून आम्ही जयपूरला आलो, तशी माझी मिश्रीची डबीही आली. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना लावायची मला माहेरापासूनची सवय. ऐंशीच्या दशकातली ती आमची जयपुरातली पहिलीच दिवाळी. त्याच दिवसांत, जिथे मिश्री धरून ठेवायची तिथेच, गालाला आतून पांढरा चट्टा दिसला. एरवी दुखायचा नाही, पण तिखट लागलं की आग व्हायची. डॉक्टरांनी तो एक शब्द उच्चारला तर? या भीतीने मी नवसाचा आडोसा घेतला. रोज हात जोडून म्हणायची, देवा, कुणाला कळू न देता हे जाऊ दे. यांना माझ्या भक्तीचं भारी कौतुक. स्वतःच्या आमटीतही मिरची घालू देईनात!

पौषात इथल्या देवळांतून डाळीचे गरमागरम तिखट वडे आणि शिरा प्रसाद म्हणून वाटतात, त्याला पौषबडा म्हणतात. आदर्श नगरातल्या गणपतीच्या देवळात आम्ही दोघं पंगतीला बसलो. देवाच्या प्रसादाला नाही कसं म्हणणार? एक घास घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेजारी पिवळ्या ओढणीतली एक अनोळखी बाई होती.

"क्या हुआ, बहनजी? मुँह में छाला है?"

"नहीं, मतलब... व्रत है," मी पुटपुटले.

"व्रत में मुँह थोड़े ही जलता है." तिने माझा हात हातात घेतला. "मेरी जेठानी ने भी छिपाया था. आप दिखा दो."

यांनी हातातला वडा खाली ठेवला. "अगं, मला का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.

दुसऱ्याच दिवशी इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. म्हणाले, तोंडातला चट्टा, जखम किंवा गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर दुखो वा न दुखो, दाखवायलाच हवी. निकाल आला. कॅन्सर नव्हता, पण तसंच चालू राहिलं असतं तर पुढे झालाही असता. चट्टा काढला, मिश्री सुटली. तपासणीला मात्र अजून जाते.

पुढच्या पौषात त्या बाईला पंगतीत खूप शोधलं. दिसली नाही. यांनी आपल्या द्रोणातला एक वडा गुपचूप माझ्या द्रोणात सरकवला. तो खाताना पुन्हा डोळे भरून आले, पण आग झाली नाही. कुणाला कळू देऊ नकोस, असं मी देवाला रोज विनवलं होतं. त्याने माझं ऐकलं नाही, याचे उपकार कसे फेडू?