मावशीची तीन बोटं

माझ्या मावशीला गल्लीत सगळे ‘आरसेवाली’ म्हणायचे. ती आरसे विकत नव्हती. तिच्या हाताखालून गेलेल्या जोड्याच्या टोकात वाकून बघितलं, तर माणसाला आपल्या भुवया दिसायच्या. झिलई करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

काका, म्हणजे तिचे यजमान, मापाचे जोडे करायचे. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यायचं, त्या पायासारखा लाकडी साचा कोरायचा, त्यावर चामडं ताणून बसवायचं, तळ शिवायचा. एवढं झालं की जोडा पडद्यापलीकडे मावशीकडे जायचा. तिथे तळाची कच्ची कड घासायची, तापवलेल्या लहानशा इस्त्रीने तिच्यात मेण जिरवायचं, मग रंग, मग क्रीम, आणि शेवटी दोन बोटांना फडकं गुंडाळून, पाण्याचा थेंब थेंब टाकत पॉलिशचे पातळ थर. काकांचे सहा दिवस, मावशीचे तीन. ‘जोडप्याने जोडे करतात’ असा गल्लीतला जुना विनोद होता. त्यांना मूल नव्हतं. भांडणं होती, आणि दणदणीत होती. पण अबोला असला तरी पडद्यातून जोडा देताना दोन शब्द व्हायचेच. “घे.” “ठेव.”

काका एका मंगळवारी दुपारी गेले. एका जोडाचा शेवटचा टाका ओढून झाला होता, दोरा कापायचा राहिला होता. आरी हातात, मान खाली. पडद्याच्या फटीतून मावशीला ते तसे दिसले. तिला वाटलं, टाके निरखतायत. ती आपली कड घासत राहिली. मग चहाचं विचारायला तिने हाक मारली.

माझी नोकरी नुकतीच सुटली होती, त्यामुळे आईने मला तिच्याकडे पाठवलं. मावशी आईपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. “जा, तिच्याजवळ राहा,” आई म्हणाली, “ताई रडत नाहीये.”

खरंच रडत नव्हती. लोक भेटायला आले, तिने त्यांना चहा केला. कुणी गळ्यात पडलं की त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, जणू माणूस त्यांचं गेलंय. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा.

“रडली का?”

“नाही.”

“जेवते का?”

“जेवते. वाढेन तेवढ्या पोळ्या खाते.”

“मग करते काय दिवसभर?”

“बसते.”

खुर्चीत बसायची. रेडिओ लावला तर ऐकायची, बंद केला तर बंद झाल्याचं लक्षात यायचं नाही. एकदा मी आमटीत मीठ घालायला विसरले. तिने वाटीभर खाल्ली. मी पहिला घास घेतला आणि ओशाळून तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “काय गं?”

तो दोरा न कापलेला जोड दातांच्या डॉक्टरांचा होता. लहानपणच्या आजाराने त्यांचा डावा पाय दोन बोटं आखूड राहिला होता. काका त्या डाव्या जोड्यात आतून चामड्याचे थर चढवायचे, असे की बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही पाय सारखेच वाटावेत. दुकानातला तयार जोडा त्यांना कधीच चालला नसता. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. ते बिचारे फोनवर म्हणाले, “घाई नाही. जुने आहेतच माझ्याकडे.”

मावशीने फोन ठेवला. चार दिवस खुर्चीतच बसून होती. पाचव्या दिवशी सकाळी वेणी घातली, एप्रन चढवला, कात्रीने तो दोरा कापला आणि पडद्यापलीकडे गेली.

मी भाजी निवडत होते. तासाभराने कसलासा वास आला. मेण जळल्याचा नव्हे, दुसराच. मी धावले. तिच्या उजव्या हातात जोडा होता, डाव्यात इस्त्री. इस्त्रीचं तापलेलं टोक उजव्या अंगठ्याला टेकलं होतं आणि ती शांतपणे पुढची कड बघत होती.

“मावशी, हात!”

“काय झालं हाताला?”

मी इस्त्री ओढून घेतली. अंगठ्यावर पांढरा फोड आला होता. तिने तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा उलटसुलट करून पाहिला. मग डब्यातली सुई काढली आणि बोटांना टोचत गेली. करंगळी, तिच्याजवळचं बोट, दोन्ही शहाणी. मधलं बोट, तर्जनी, अंगठा: काही नाही.

“ही तीन संपावर गेलीत,” ती म्हणाली.

दवाखान्यात त्यांनी तारा लावून तपासलं, हातोडी मारून पाहिली. नसा ठणठणीत होत्या. “मोठ्या धक्क्याने होतं असं कधीकधी,” तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. “वेळ द्या.” परत येताना बसस्टॉपवर मावशी म्हणाली, “वेळ द्या म्हणे. किती ते नाही सांगितलं.”

अडचण अशी होती की या कामात डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो. कड डोळ्यांना गुळगुळीत दिसते आणि अंगठा फिरवला की तिच्यातली खडबड कळते. तशीच मेण लावून टाकली, तर झिलई चार दिवसांत पापड फुटावा तशी फुटते. तीस वर्षं मावशीचा अंगठा ते सांगत आला होता. आता तो मुका झाला होता.

“तुझा दे,” ती म्हणाली.

मी अंगठा फिरवला. “बरं आहे.”

“बरं म्हणजे काय? कुठे बरं?”

“सगळीकडे. बरंच आहे की.”

“आंधळ्याच्या गाई झाल्या या,” असं म्हणून तिने जोडा परत घेतला आणि मला भाजीकडे पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडे फार वेळ शांतता होती. मी हळूच पडदा सरकवला. मावशी खिडकीकडे तोंड करून बसली होती. डोळे मिटलेले. काकांच्या हातचा तो शेवटचा जोडा तिने दोन्ही हातांनी गालाशी धरला होता आणि मान हळूहळू हलवत होती. मला भरून आलं. मी पाऊल न वाजवता मागे फिरले, स्वयंपाकघरात जाऊन आईला फोन लावला.

“आई, ती... ती काकांचा जोडा गालाला लावून बसलीय.”

आई तिकडे हुंदके द्यायला लागली. “रडू दे तिला,” म्हणाली, “मोकळी होऊ दे.”

“रडत नाहीये कुणी,” आतून मावशीचा आवाज आला. “कड बघतेय. गालाला कळतं. डाव्या जोड्याला टाचेपाशी अजून कुसळ लागतंय, तो खरवडायचा काचेचा तुकडा आण इकडे.”

मी काच नेऊन दिली. फोनवर आई अजून रडतच होती. तिला काय सांगावं ते मला कळेना.

त्या जोडाला तीन दिवसांऐवजी अकरा दिवस लागले. काचेने खरवडायचं, बारीक पॉलिश पेपर मारायचा, गालाला लावायचं, पुन्हा खरवडायचं. इस्त्री फिरवताना ती आता उजव्या करंगळीने आचेचा अंदाज घ्यायची. टोकाच्या झिलईला फडकं तिने डाव्या हाताला गुंडाळलं. पहिला थर पट्टे पट्टे आला. तो पुसून पुन्हा. मला वाटलं होतं, कामाने तिचा चेहरा जरा हलेल. हलला नाही. काम तेवढं पुढे सरकत होतं.

डॉक्टर ठरल्या दिवशी आले. बाकावर बसून जोडे चढवले, नाड्या बांधल्या, उभे राहिले. दाराशी जाऊन परत आले. मग त्यांचं लक्ष मावशीच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे गेलं. मी मध्येच तोंड घालून सगळं सांगितलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपणाच्या टोकाने तिची तीन बोटं एकेक करून दाबली.

“कळतं?”

“नाही.”

“मी जन्मभर लोकांचे जबडे बधिर करत आलो,” ते म्हणाले. “प्रत्येकाला एकच सांगतो, उतरेपर्यंत काही खाऊ नका. माणूस घास समजून स्वतःचाच गाल चावतो आणि त्याला पत्ता नसतो.”

मावशीने पेनाच्या टोपणाकडे बघितलं. मग म्हणाली, “ते गेले तेव्हा मी इथेच होते. मला ते फटीतून दिसत होते. मी वीस मिनिटं कड घासत बसले.”

हे तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली.

“लगेच हाक मारली असती तर?” तिने विचारलं.

डॉक्टरांना सहज म्हणता आलं असतं, ‘तरी काही उपयोग झाला नसता’ म्हणून. भेटायला येणाऱ्या कुणीही म्हटलं असतं. ते म्हणाले, “मला नाही माहीत. मी दातांचा डॉक्टर आहे.” आणि पुन्हा बाकावर बसले. चहा येईपर्यंत बसले, चहा पिऊन झाल्यावरही बसले. जाताना नवे जोडेच घालून गेले. गल्लीच्या टोकापर्यंत ते सरळ चालत गेले, कुठल्या पायात उणं आहे ते कळत नव्हतं.

“बरं वाटलं का गं, बोलून?” रात्री जेवताना मी विचारलं.

“नाही,” मावशी म्हणाली. “बोलून झालं, एवढंच.”

मी पुढच्या महिन्यात नव्या नोकरीवर गेले. पुढचं मला फोनवर कळत गेलं. काही गिऱ्हाइकं आपापले साचे मागायला आली, तिने नावाच्या चिठ्ठ्या बघून देऊन टाकले. चौथ्या महिन्यात तर्जनीला मुंग्या आल्या. आधी तिला वाटलं, खरंच मुंगी चढलीय, म्हणून झटकली. मधलं बोट वर्षाने जागं झालं. अंगठा अजून अर्धाच कळतो.

दोन गल्ल्या सोडून आणखी एक जोडे करणारे होते. अंगापिंडाने एवढेसे, म्हणून त्यांना ‘हत्ती’ म्हणायचे. काकांशी त्यांचं उभं वैर, वीस वर्षांत एकमेकांच्या दारावरून गेले नव्हते. ते एक दिवस स्वतः आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, “वहिनी, तुमच्या यजमानांचं नि माझं पटलं नाही कधी. पण झिलई तुम्हीच करायची. आमच्याकडे तसा हात नाही.”

मावशीने त्यांच्या पिशवीतला जोड काढला, उलटा केला, खिडकीपाशी नेऊन तळाचे टाके पाहिले.

“हे तुम्ही शिवलंत?”

“मीच.”

“उजव्या पायाचे टाके लांब पडलेत. उसवून शिवून आणा, मग बघते.”

हत्ती लालबुंद झाले. जोड पिशवीत कोंबला आणि तरातरा निघून गेले. चौथ्या दिवशी घेऊन आले.