अंगणातली पांढरी पिल्लं

आमच्या घरात कोंबडा आला तो हिरवा होऊन. आठवडे बाजारात एक माणूस पाटीभर पिल्लं रंगवून विकायचा: हिरवी, गुलाबी, जांभळी. असली पिल्लं दोन दिवसांत मरतात हे मला ठाऊक होतं, मी विज्ञानाचा मास्तर. लेकीला तसं सांगितलंही. ती तेव्हा पाचवीत होती. तिनं हिरवं पिल्लू छातीशी धरलं आणि भर बाजारात असा गळा काढला, की मास्तरांचं विज्ञान तिथंच आटोपलं. पिल्लू मेलं नाही. रंग उडाला, खालून पांढरंशुभ्र निघालं, आणि वाढून त्याचा एक माजोरडा कोंबडा झाला.

आम्ही वरकुट्याकडच्या एका वस्तीवर राहतो. तिन्ही बाजूंनी ऊस, मधे काळ्या मातीचं अंगण आणि कडेला पाचटाचा ढीग. बायकोच्या कोंबड्या सगळ्या गावरान, तांबड्या नाहीतर करड्या. त्यांच्यात हा पांढरा कोंबडा मिसळला आणि पुढच्या खेपेला खुडूक कोंबडीखालून जवळजवळ सगळी पिल्लं पांढरी निघाली. कुणाच्या पाठीवर एखादा काळा ठिपका, बस्स. "आमच्या कोंबडीला दुधाची पिल्लं झाली," असं लेक शाळेत सांगत सुटली.

त्याच वर्षी पावसाळ्यात ती गेली.

वस्तीवरच्या बऱ्याच पोरांना तोच ताप आला होता. तेच डास, तेच डबक्यांतलं पाणी. बाकीची पोरं आठवड्याभरात उठून पेरूच्या झाडावर चढली. आमच्या पोरीच्या पेशी कमी होत गेल्या, बारामतीच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून आम्ही तिला घेऊन आलो ते तसंच. शेजारचे आबा भेटायला आले आणि म्हणाले, "द्येव तारी त्याला कोण मारी, गुरुजी." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण आपल्या नातवाचा ताप उतरल्यावर माणसानं ही म्हण माझ्या दारात बोलू नये. मी आत निघून गेलो.

त्यानंतर बायकोनं त्या कोंबड्यांना जीव लावला, तो पाहवत नसे. कोंबडा पुढच्या उन्हाळ्यात मानमोडीच्या रोगानं मेला. पण त्याची पांढरी पोरंबाळं होती. एवढी ती राहावीत, लेकीच्या हातची आठवण अंगणात फिरती राहावी, एवढंच तिला हवं होतं. मला म्हणाली नाही, पण मला कळत होतं.

आणि नेमकं तेच राहत नव्हतं. विहिरीजवळच्या लिंबावर शिक्रा बसायचा. पक्षी कबुतराएवढाच, पण नजर वाईट. काळ्या मातीवर पांढरं पिल्लू त्याला लांबूनही दिसायचं. तांबडं पिल्लू पाचटाला चिकटून बसलं की माझ्याही नजरेस पडत नसे. शिक्र्याच्या तावडीतून सुटून मोठ्या झालेल्या पांढऱ्या कोंबड्या संध्याकाळी उसाच्या कडेला मुंगसाच्या तोंडी पडायच्या. पुढच्या वर्षी निम्मी पिल्लं पांढरी निघाली, त्याच्या पुढच्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

बायकोनं काय केलं नाही! लिंबाच्या फांद्या तोडायला लावल्या. जुन्या साड्या अंगणावर आडव्या बांधल्या. शेवटी पांढऱ्या पिल्लांना शेणकाल्याचा हात फिरवून मातकट करायला लागली. एक सर आली की पिल्लं पुन्हा पांढरी, आणि ही पुन्हा शेण कालवायला बसलेली. नाकापेक्षा मोती जड, असं मी मनातल्या मनात म्हणायचो. तोंडानं म्हणायची छाती नव्हती.

दहावीच्या पोरांची शिकवणी मी अंगणातच घेतो. एरवी पालथ्या घड्यावर पाणी. पण उत्क्रांतीचा धडा आला आणि समोर कोंबड्या चरत होत्या, मला सुरसुरी आली. म्हटलं, बघा रे. एका आईची पिल्लं, पण सगळी सारखी नसतात. पांढरं वरून दिसतं, उचललं जातं. तांबडं वाचतं, वाढतं, त्यालाच पिल्लं होतात, तीही बरीचशी तांबडी. एकाही कोंबडीनं स्वतःचा रंग बदललेला नाही, तरी चार वर्षांत सगळा थवा बदलला. परिस्थितीला जो योग्य, तो टिकतो. पोरांचे डोळे चमकले. मीही खूश झालो. पायरीवर बायको मेथी निवडत होती, ते माझ्या ध्यानातच नव्हतं.

जेवताना तिनं भाकरी ताटात टाकली आणि विचारलं, "मंग आपली पोरगी कशात कमी पडली वो?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी खेकसलो, "कोंबड्यांचं माणसाला लावू नकोस." ती दुसरी भाकरी थापायला लागली.

जो योग्य तो टिकतो, हे वाक्य मी कितीतरी वर्गांत बोललो होतो, पाठ झालेल्या पाढ्यासारखं. ते कुणाच्या तरी पोरीबद्दलही असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. शाळेत जाताना मोटारसायकलवर तोच विचार. योग्य म्हणजे काय? माती काळी म्हणून तांबडं वाचलं. हेच अंगण चुन्यासारखं पांढरं असतं तर तांबडी गेली असती आणि पांढरी राहिली असती. पांढऱ्या पिल्लात खोट काय होती? धावायला ती तेवढीच चपळ, किडे टिपायला तेवढीच हुशार. शिक्रासुद्धा काही वाईट निवडून नेत नव्हता, दिसेल ते नेत होता. हे सगळं मला बायकोला सांगायचं होतं. पण घरी आलो की मी पेपरांचा गठ्ठा घेऊन बसायचो.

यंदाच्या खेपेला एकच पांढरं पिल्लू निघालं. बायकोनं ते डालग्याखालीच ठेवलं. कोंडून ते मरगळायला लागलं, म्हणून दुपारी घटकाभर मोकळं सोडायची आणि शेजारी काठी घेऊन बसायची. एका रविवारी मी ओसरीवर पेपर तपासत होतो. पंखांचा फडफडाट झाला, कोंबडी कलकलली, आणि मी मान वर केली तोवर शिक्रा पांढरं पिल्लू घेऊन उसावरून निघूनही गेला होता. काठी बायकोच्या हातात होती. तिनं ती उगारलीसुद्धा नव्हती. तांबडी पिल्लं पाचटाखालून एकेक करून बाहेर आली आणि पुन्हा टिपायला लागली.

मी तिच्याशेजारी जाऊन खाली मातीत बसलो. म्हणालो, "ती कशातबी कमी न्हवती. हे पिल्लूबी न्हवतं. कोण कमी पडलंय म्हणून जात न्हाय गं. एक डास चावला. दुसऱ्यांच्या अंगाला तो ताप सोसला, तिच्या सोसला न्हाय. येवढंच हाय."

"येवढंच?"

"व्हय."

उसाकडं बघत ती म्हणाली, "कमी पडली आसती तर मला म्हणता तरी आलं आसतं, मलाच जपाय सुधरलं न्हाय. काय तरी कारण झालं आसतं. आता मी रागवू तरी कुणावर?"

"माझ्यावर रागव," मी म्हणालो.

आणि ती रागावली. ताप आला तेव्हा मी शाळेतून लवकर का आलो नाही, इंदापूरला नेऊ का बारामतीला यात घोळ का घातला, तिच्या मातीला उभा राहिलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी का नव्हतं, सगळं ती ओरडून ओरडून बोलली. लेक गेल्यापासून तिनं माझ्यापाशी एवढे शब्द काढले नव्हते. शेजारचे आबा बांधापर्यंत आले आणि मागं फिरले. ती थकेपर्यंत मी तिथंच बसून राहिलो.