पोचला

आमच्या सायकलींची रांग लांब पल्ल्याला निघाली की पुढच्याने ‘खड्डा’ म्हणायचं, प्रत्येकाने तो शब्द मागच्याला द्यायचा आणि शेवटच्याने ‘पोचला’ असं ओरडून सांगायचं, ही रीत आहे. शेवटची जागा शिरीषदादांची. ती त्यांनी मागून घेतली होती. मागून सगळ्यांच्या पाठी नजरेत राहतात, म्हणायचे.

दादा उन्हाळ्यात वारले. मी त्यांच्या पुढचा, म्हणून यंदा आपोआप शेवटचा झालो.

सकाळपासून दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. कणसांत दाणा भरला होता. पुढून ‘खड्डा’ यायचा आणि मी सवयीने मान वळवून तो मागे द्यायचो. मागे नुसता रस्ता असायचा. तरी कान उत्तराची वाट बघायचे. आज कुणीच ‘पोचला’ म्हटलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलंही नव्हतं.

एका वळणावर एक बाई म्हैस धरून खोळंबल्या होत्या. रांग पुढे गेली तसं त्यांनी मला विचारलं, “मागं अजून कुणी हाय का वो?”

एवढ्याशा प्रश्नाला मला पाय टेकवावा लागला.

“नाही, मावशी. न्या म्हैस.”

म्हैस सावकाश माझ्या मागे रस्त्यात आडवी आली. तिच्यामागे आम्ही आलो तो रस्ता दिसेनासा झाला.

मी रांग गाठली, तेवढ्यात पुढून ‘खड्डा’ आला. या वेळी मी मागे वळलो नाही.

“पोचला,” म्हणालो.

पुढे सगळ्यांचे पाय पॅडलवर क्षणभर थांबले. मागे वळून कुणीच पाहिलं नाही.